आगगाडीची साखळी

इंग्लंडातील किलिंगवर्थच्या कोळशाच्या खाणीवर जॉर्ज स्टीफन्सनने १८१४ साली आपले पहिले इंजिन चालविले. त्यातील दातेरी चाके भारी खडखडत. म्हणून १८१५ साली राल्फ डॉड्सबरोबर घेतलेल्या पेटंटात त्याने निराळी योजना मांडली. तीतून जी इंजिने निघाली त्यांत प्रत्येक आसाला स्वतंत्र सिलिंडर असे आणि आसांवरील दंतचक्रांभोवती एक अखंड साखळी फिरे.

ह्या साखळीवरची जबाबदारी नाजूक होती. एक दट्ट्या आपल्या धावेच्या टोकाशी थबकला असता दुसऱ्याने जोर लावावा, यासाठी दोन आसांच्या भुजा काटकोनात राहणे अवश्य होते. साखळी ढिली पडली की तो काटकोन बिघडे. आणि ती ढिली पडतच असे. १८२५ साली स्टॉक्टन-डार्लिंग्टन मार्गावर धावलेल्या ‘लोकोमोशन’ इंजिनात तिची जागा जोडदांड्यांनी घेतली.

साखळी ‘ताणली’ असे म्हणण्याचा प्रघात आहे. वास्तविक तिच्या पट्ट्या लांबत नाहीत; झिजतात त्या सांध्यांतील खिळी. जेम्स स्लेटरच्या १८६४ सालच्या साखळीत रूळ होते, परंतु खिळीचा भार पातळ पट्टीच्या कडेवर पडे. मँचेस्टरला स्थायिक झालेल्या हान्स रेनॉल्ड या स्विस कारागिराने १८८० साली मध्ये एक पोकळ नळी, म्हणजे बुश, बसविला. भार रुंद पृष्ठावर पसरला, झीज मंदावली. पुढे सायकल ह्याच साखळीवर धावली. पहिल्या महायुद्धात खंदकांकडे दारूगोळा नेणाऱ्या ६० सेंटिमीटर रुंदीच्या लोहमार्गांवरील सिम्प्लेक्स इंजिनेही.

आज ही साखळी विशेष भेटते ती हौशी मंडळींच्या पाच इंची रुळांवर. मुलांना पाठीवर घेऊन बागेतून फिरणाऱ्या त्या छोट्या इंजिनांत मोटारीची शक्ती पुष्कळदा साखळीनेच आसापर्यंत पोहोचते, आणि किलिंगवर्थचा जुना रोगही तिथे भेटतो. तीन अष्टमांश इंची साखळीचे ३२ दुवे ताणून धरले असता बरोबर एक फूट भरतात. तेच सव्वाबारा इंच भरू लागले की सुमारे दोन टक्के वाढ झाली. साखळी टाकून द्यावी. दर सांध्याची झीज त्या वेळी पाव मिलिमीटरदेखील नसते! दंतचक्राचे दाते आकड्यासारखे वाकडे झाले असतील तर तेही बदलावे. झिजल्या दात्यांवर नवी साखळी फार दिवस टिकत नाही.

तेलाचेही असेच. रुळांखालच्या खडीची धूळ तेलात कालवली की तिचे पॉलिश करण्याचे रसायनच होते. आधी पुसावे, मग पातळ तेल पट्ट्यांच्या फटींत सोडावे. वरून थापलेले घट्ट ग्रीस खिळीपर्यंत पोहोचतच नाही.

सायकल मात्र येथे पुरती गुरू ठरत नाही. ती एकाच दिशेने चालते. इंजिन पुढेमागे दोन्हीकडे. दिशा बदलली की साखळीची सैल बाजूही बदलते, आणि एका बाजूला बसविलेले स्प्रिंगचे ताणचाक उलट्या फेऱ्यात निकामी ठरते. म्हणून जाणते कारागीर मोटारीची बैठकच सरकती ठेवतात. उतारावर मोटारीनेच वेग आवरला जात असेल, तर तो आवरही साखळीतूनच चाकाला मिळतो. ती निसटली तर मागे मुले आणि पुढे मोकळा उतार. यासाठी चाकावर स्वतंत्र हातब्रेक असावा, आणि गाडी भरण्यापूर्वी तो एकदा ओढून पाहावा.