तळटीप ९ : ‘रँचर’

रँचर म्हणजे शेतकरी नव्हे. अफाट कुरणांवर गुरांचे कळप बाळगणारा हा मालक. गाठीला पैसा, पदरी बंदूकबाज. त्यामुळे गावात शब्द बहुधा त्याचाच चाले. हॉवर्ड हॉक्स यांच्या ‘रिओ ब्राव्हो’तला (१९५९) नेथन बर्डेट असाच. त्याचा जो नावाचा भाऊ नि:शस्त्र माणसाचा खून करून कोठडीत पडतो, तेव्हा त्याला सोडवायला बर्डेट भाडोत्री मारेकरी आणून गावाची नाकेबंदी करतो. शेरीफ चान्सच्या (जॉन वेन) बाजूला एक लंगडा म्हातारा आणि दारूने खंगलेला ड्यूड (डीन मार्टिन). सुरुवातीचा प्रसंग वाचकांनी जरूर पाहावा. संवाद नाहीत. जो बर्डेट पिकदाणीत चांदीचा डॉलर फेकतो, दारूच्या तलफेने ड्यूड त्यासाठी वाकतो आणि शेरीफ लाथेने पिकदाणी उडवतो. पैशापुढे माणूस किती वाकतो, हे इतके नेमके मी दुसऱ्या कुठल्या वेस्टर्नमध्ये पाहिलेले नाही. ‘हाय नून’चा (१९५२) नायक गावकऱ्यांकडे मदत मागत फिरतो, ते हॉक्स यांना पटले नव्हते; ‘रिओ ब्राव्हो’ त्यांनी त्याला उत्तर म्हणून काढला.