तर्कशास्त्राची मराठी परिभाषा

तर्कशास्त्राची मराठी परिभाषा म्हणजे अनुमान, युक्तिवाद, सिद्धता इत्यादी संकल्पनांसाठी मराठीत वापरल्या जाणाऱ्या संज्ञांचा समूह. पाश्चात्त्य तर्कशास्त्रातील बहुतेक संकल्पनांचे मूळ प्राचीन ग्रीक भाषेत आहे. त्या संकल्पना लॅटिन व इंग्रजी या मार्गाने महाराष्ट्रात आल्या. मराठीने मात्र त्यांच्यासाठी ग्रीक शब्द न स्वीकारता प्रामुख्याने संस्कृत न्यायशास्त्रातील शब्द योजले. त्यामुळे अनेक संज्ञांना एक जुना व एक नवा असे दोन अर्थ प्राप्त झाले असून वाचताना कोणता अर्थ अभिप्रेत आहे हे ओळखणे आवश्यक ठरते.

ग्रीक पार्श्वभूमी

अ‍ॅरिस्टॉटल (इ.स.पू. ३८४–३२२) याच्या तर्कविषयक सहा ग्रंथांना पुढे ‘ऑर्गनॉन’, म्हणजे साधन, असे एकत्रित नाव मिळाले. ‘लॉजिक’ हा शब्द ‘लोगॉस’ या ग्रीक शब्दापासून आला आहे. लोगॉस म्हणजे शब्द, कथन, हिशेब आणि विवेकही. दोन आधारविधानांवरून निष्कर्ष काढणाऱ्या अनुमानास अ‍ॅरिस्टॉटलने ‘सुल्लोगिस्मॉस’ म्हटले. इंग्रजीतील ‘सिलॉजिझम’ हे त्याचेच रूप होय.

इंग्रजीने काही संज्ञा थेट ग्रीक रूपात ठेवल्या, तर काही लॅटिन भाषांतरातून घेतल्या. उदाहरणांकडून नियमाकडे जाण्यास ग्रीकमध्ये ‘एपागोगे’ म्हणत. रोमन वक्ता सिसेरो (इ.स.पू. १०६–४३) याने त्यासाठी ‘इंडक्टिओ’ हा शब्द वापरला व त्यावरून ‘इंडक्शन’ रूढ झाले. परक्या संकल्पनेला आपल्या भाषेतील शब्द देण्याचा जो मार्ग मराठीने पत्करला, तो याप्रमाणे रोमनांनीही चोखाळला होता.

प्रमुख संज्ञा

• अ‍ॅक्झिअम: ग्रीक ‘आक्सिओमा’, मूळ अर्थ ‘योग्य मानलेले’. मराठीत स्वयंसिद्ध तत्त्व. ग्रीक शब्दात माणसांच्या मान्यतेवर भर आहे, तर मराठी शब्दात सत्य स्वतःच सिद्ध असण्यावर. आजच्या ग्रीक भाषेत या शब्दाचा अधिकारपद असाही अर्थ आहे.
• पॉस्ट्युलेट: ग्रीक ‘आयतेमा’, म्हणजे मागणी, त्याचे लॅटिन भाषांतर इंग्रजीत आले. मराठीत गृहीतक.
• थिअरम: ग्रीक ‘थेओरेमा’; पाहणे या अर्थाच्या क्रियापदापासून. मराठीत प्रमेय.
• पॅराडॉक्स: ग्रीक ‘पारादोक्सॉन’, म्हणजे रूढ मताविरुद्ध असलेले. मराठीत विरोधाभास, हेच नाव एका अर्थालंकाराचेही आहे.
• कॅटेगरी: ग्रीक ‘कातेगोरिया’, न्यायालयातील आरोप हा तिचा आधीचा अर्थ. तत्त्वज्ञानात मराठी प्रतिशब्द पदार्थ. हा शब्द वैशेषिक दर्शनातील असून बोलीत मात्र तो खाद्यवस्तूसाठी रुळला आहे.
• डायलेक्टिक: ग्रीक ‘दिआलेक्तिके’, म्हणजे संवादातून शोध घेण्याची कला. प्लेटोच्या संदर्भात संवादपद्धती, तर हेगेल व मार्क्स यांच्या संदर्भात विरोधविकासवाद किंवा द्वंद्ववाद.

न्यायशास्त्रातील शब्द व अर्थांतर

गौतमाच्या न्यायसूत्रांत सोळा पदार्थ सांगितले आहेत. प्रमाण, प्रमेय, सिद्धांत, तर्क, निर्णय, वाद, हेत्वाभास हे त्यांपैकी काही. यांतील बहुतेक शब्द आजच्या मराठीत प्रचलित आहेत. मात्र त्यांचे अर्थ बदलले आहेत. न्यायदर्शनात प्रमेय म्हणजे ज्ञानाचा विषय; तेथे आत्मा, शरीर, इंद्रिये ही प्रमेये आहेत. गणितात मात्र प्रमेय म्हणजे सिद्ध करावयाचे विधान.

‘तर्क’ या शब्दाची स्थितीही अशीच आहे. नैयायिकांच्या मते तर्क हे स्वतंत्र प्रमाण नाही. ‘धूर आहे पण अग्नी नाही असे मानले, तर धुराला कारणच उरणार नाही’ अशा प्रकारे विरुद्ध पक्षातील आपत्ती दाखवून तो प्रमाणाला साहाय्य करतो. पाश्चात्त्य परंपरेतील याच्या जवळची युक्ती शालेय गणितात ‘अप्रत्यक्ष सिद्धता’ या नावाने शिकवली जाते. व्यवहारात तर्क म्हणजे अंदाज. ‘तर्कशास्त्र’ या नावात मात्र तोच शब्द संपूर्ण शास्त्राचा वाचक झाला आहे.

न्यायातील परार्थानुमानाचे प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय व निगमन असे पाच अवयव असतात. निगमन हा त्यांतील शेवटचा, निष्कर्षवाचक अवयव. आधुनिक मराठीत निगमन ही संज्ञा ‘डिडक्शन’ या संपूर्ण अनुमानप्रकारासाठी वापरली जाते व ‘इंडक्शन’साठी तिच्या जोडीला विगमन हा शब्द येतो. हिंदीत विगमनाच्या जागी ‘आगमन’ वापरतात. अध्यापनशास्त्राच्या मराठी पुस्तकांत याच जोडीला अवगामी व उद्गामी पद्धती म्हणतात: नियमाकडून उदाहरणाकडे उतरणारी ती अवगामी, उदाहरणांवरून नियमाकडे चढणारी ती उद्गामी.

शालेय भूमितीतील उपयोग

मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्यास ही परिभाषा प्रथम भेटते ती भूमितीत. प्रमेयाची मांडणी पक्ष, साध्य व सिद्धता अशा क्रमाने केली जाते. समद्विभुज त्रिकोणाच्या प्रमेयात ‘त्रिकोण अबक मध्ये बाजू अब = बाजू अक’ हा पक्ष आणि ‘कोन ब = कोन क’ हे साध्य. येथे पक्ष म्हणजे दिलेली माहिती. युक्लिडच्या एका ग्रंथाचे ‘देदोमेना’ हे नाव ‘दिलेल्या गोष्टी’ याच अर्थाचे आहे.

न्यायशास्त्रात मात्र ‘पर्वतावर अग्नी आहे, कारण तेथे धूर आहे’ या अनुमानात पर्वत हा पक्ष, अग्नी हे साध्य आणि धूर हा हेतू. म्हणजे साध्य या शब्दाचा गाभा दोन्हीकडे ‘जे सिद्ध करायचे ते’ असाच राहिला. पक्ष हा शब्द मात्र ‘साध्य जेथे सिद्ध करायचे ते स्थान’ या अर्थावरून ‘दिलेली माहिती’ या अर्थाकडे गेला. भूमितीतील अर्थ मनात ठेवून अन्नंभट्टाचा ‘तर्कसंग्रह’ वाचल्यास पर्वत ही ‘दिलेली माहिती’ ठरते आणि अनुमानाची रचना उमगत नाही. माहितीचे काम तेथे धुराकडे, म्हणजे हेतूकडे असते.

कोशकार्य

महाराष्ट्र शासनाने १९६० मध्ये भाषा संचालनालय स्थापन केले. संचालनालयाच्या विषयवार परिभाषा कोशांत तत्त्वज्ञान व तर्कशास्त्र या विषयांचाही कोश आहे. दे. द. वाडेकर यांनी संपादित केलेला ‘मराठी तत्त्वज्ञान महाकोश’ १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली वाई येथून सुरू झालेल्या मराठी विश्वकोशातही या संज्ञांचा विस्तृत वापर आढळतो. तर्कतीर्थ हे स्वतः न्यायाचे पंडित होते, तर विश्वकोशाचे पुढील काळातील अध्यक्ष मे. पुं. रेगे हे पाश्चात्त्य तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक. मराठी परिभाषेमागील दोन्ही परंपरा अशा रीतीने एकाच प्रकल्पात एकत्र आल्या.