मुलुंड की ठाणे? घर, हद्द आणि संशोधनाचा प्रश्न

गेल्या वेळी कंट्रोल ग्रुपबद्दल लिहिलं होतं. त्यावर बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारला: जिथे प्रयोग करताच येत नाही तिथे काय करायचं? प्रयोगशाळेत दोन परीक्षानळ्या घेतल्या, एकीत द्रावण टाकलं, दुसरीत नाही टाकलं, झालं. माणसांच्या आयुष्याचं तसं करता येत नाही. आज त्याचं उत्तर एका अगदी घरगुती प्रश्नातून शोधू. घर मुलुंडला घ्यायचं की ठाण्याला?

मध्य रेल्वेवरची ही दोन शेजारची स्टेशनं. मुंबई परिसरातल्या कितीतरी घरांत हा वाद रविवारच्या जेवणाच्या ताटावर झालेला असतो. एकजण म्हणतो, ठाण्यात त्याच पैशात एक खोली जास्त मिळेल. दुसरा म्हणतो, पत्ता मुंबईचा हवा. मग पाणी, शाळा, आजी-आजोबांचा दवाखाना, गाडीत बसायला मिळेल की नाही, हे सगळं निघतं. शेवटी वीस वर्षांचं कर्ज घेऊन कुटुंब एका बाजूला जातं. आता तुम्ही संशोधक म्हणून विचारा: या कुटुंबाने नेमके कशाचे पैसे मोजले? खोलीचे, पाण्याचे, शाळेचे, की शेजाऱ्यांचे? किंमत एकच असते आणि तिच्यात हे सगळं विरघळलेलं असतं. ते वेगळं कसं करायचं याचा इतिहास साधारण सत्तर वर्षांचा आहे आणि तो वाचण्यासारखा आहे.

सुरुवात १९५४ ची. पॉल सॅम्युएल्सन यांनी मांडलं की सार्वजनिक सुविधांना लोक खरी किंमत किती देतील हे कळायला बाजारात मार्गच नाही. रस्त्यावरचा दिवा सगळ्यांनाच मिळतो, मग ‘मला त्याची गरज नाही’ असं म्हणून फुकट उजेड घेणं सोपं. यावर १९५६ मध्ये चार्ल्स टीबू या तरुण अर्थशास्त्रज्ञाने एक छोटा निबंध लिहिला. त्याचं म्हणणं असं, की देशपातळीवर हे खरं असेल, पण गावपातळीवर लोक आपली आवड पायांनी दाखवतात. एका उपनगरात शाळा चांगल्या पण कर जास्त, शेजारच्यात कर कमी पण शाळा यथातथा. कुटुंब आपल्या पसंतीच्या गावात राहायला जातं आणि तेच त्याचं मत.

कल्पना देखणी आहे. पण निबंधातली गृहीतकं वाचा. लोक हवं तिथे सहज जाऊ शकतात, त्यांना सगळ्या गावांची पूर्ण माहिती असते, गावं भरपूर असतात, आणि नोकरीचं बंधन नसतं. सगळे जण लाभांशाच्या उत्पन्नावर जगतात असं समजा! ठाणे स्टेशनच्या पुलावर सकाळी आठला उभं राहून हे वाक्य वाचावं. तरीही हा निबंध टिकला. आपली गृहीतकं त्याने लपवली नाहीत, उघड लिहून ठेवली, म्हणून पुढच्यांना ती एकेक करून तपासता आली. सिनॉप्सिस लिहिताना गृहीतकांचा परिच्छेद उरकून टाकायची आपल्याकडे सवय आहे, म्हणून हे मुद्दाम सांगतोय.

१९६९ मध्ये वॉलेस ओट्स यांनी न्यू जर्सीतल्या ५३ नगरपालिकांची आकडेवारी घेतली. जिथे मालमत्ता कर जास्त तिथे घरांच्या किमती कमी, जिथे शाळेवर खर्च जास्त तिथे किमती जास्त, असं त्यांना दिसलं. म्हणजे लोक सुविधांचे पैसे घराच्या किमतीतून मोजतात. पण इथे एक पाचर राहतेच. चांगली शाळा असलेल्या गावात घरंही मोठी असतात, झाडं असतात, माणसं पैसेवाली असतात. मग जास्तीची किंमत शाळेची की बाकीच्याची?

या पाचरीवर चांगला तोडगा निघायला तीस वर्षं लागली. १९९९ मध्ये सँड्रा ब्लॅक यांचा शोधनिबंध आला. त्यांनी बॉस्टनच्या उपनगरांमधली अशी घरं निवडली की जी एकाच गावात, एकाच करव्यवस्थेत आहेत, पण मधून प्राथमिक शाळांच्या प्रवेशक्षेत्राची रेषा जाते. रस्त्याच्या या बाजूची मुलं एका शाळेत, त्या बाजूची दुसऱ्या. रेषेपासून अगदी जवळची घरंच घ्यायची, मैलाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास आणि मग त्याहूनही कमी. हवा तीच, बाजार तोच, फक्त शाळा वेगळी. उत्तर आलं: शाळेच्या परीक्षेतले गुण ५ टक्क्यांनी जास्त असतील तर पालक घरासाठी साधारण २.५ टक्के जास्त मोजतात. नेहमीच्या पद्धतीने काढलं असतं तर आकडा याच्या जवळपास दुप्पट आला असता. म्हणजे पूर्वी ज्याला आपण शाळेची किंमत समजत होतो त्यातला अर्धा भाग परिसराचा होता.

विज्ञानातून आलेल्या आपल्यासारख्यांना ही रचना लगेच पटते, कारण ती परीक्षानळ्यांच्या जोडीसारखी दिसते. आणि म्हणूनच इथे सावध व्हायचं. परीक्षानळीत द्रावण आपण टाकतो. इथली रेषा आपण काढलेली नाही. ती कुणीतरी, कधीतरी, काहीतरी हेतूने काढली. ती कशी आली हे माहीत नसेल तर तुमचा कंट्रोल ग्रुप नुसता नावाचा. यासाठी विज्ञानाच्या विद्यार्थ्यालाही इतिहास वाचावा लागतो.

बॉस्टनचंच उदाहरण घ्या. १८६८ मध्ये रॉक्सबरी, १८७० मध्ये डॉर्चेस्टर अशी शेजारची गावं बॉस्टन शहरात सामील होत गेली. शहराकडे पाणी होतं, गटारं होती, छोट्या गावांना ते परवडत नव्हतं. १८७३ मध्ये ब्राइटन आणि वेस्ट रॉक्सबरी यांनीही होकार दिला. ब्रुकलाइनने मात्र मतदान करून नकार दिला. गाव श्रीमंत होतं, स्वतःच्या सोयी स्वतः करू शकत होतं. नकाशा उघडून बघा, आजही ब्रुकलाइनला तीन बाजूंनी बॉस्टनने वेढलंय आणि गाव मात्र स्वतंत्र आहे. जिल्हाही वेगळा, नॉरफोक, ज्याच्या बाकीच्या भागाला त्याची सीमा लागतसुद्धा नाही.

आता शंभर वर्षं पुढे या. जून १९७४ मध्ये न्यायालयाने बॉस्टनच्या शाळांमध्ये वंशावरून वेगळेपणा राखला गेला असा निकाल दिला आणि मुलांना बसने शहराच्या एका भागातून दुसऱ्या भागातल्या शाळेत नेण्याची योजना आली. शहरात त्यावरून हिंसाचार झाला. पुढच्याच महिन्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने डेट्रॉइटच्या खटल्यात ५ विरुद्ध ४ असा निर्णय दिला, की उपनगरांनी स्वतः भेदभाव केल्याचं सिद्ध झाल्याशिवाय त्यांना अशा योजनेत ओढता येणार नाही. परिणाम असा झाला की ब्राइटनमधलं कुटुंब योजनेच्या आत आणि काही मिनिटांवरचं ब्रुकलाइनमधलं कुटुंब बाहेर. १८७३ साली पाणी आणि करांवरून झालेल्या मतदानाने १९७४ मध्ये कोणतं मूल कोणत्या बसमध्ये बसेल हे ठरवलं. ब्रुकलाइनने १९६६ पासून बॉस्टनमधली काही कृष्णवर्णीय मुलं आपल्या शाळांत स्वेच्छेने घेतली होती, हेही नोंदवायला हवं. पण स्वेच्छेने घेणं आणि घ्यावंच लागणं यात फरक आहे, आणि घराच्या किमतीला तो फरक बरोबर कळतो.

म्हणजे रेषा आली की माणसं तिच्याभोवती आपापली वर्गवारी करून घेतात. २००७ मध्ये बायर, फेरेरा आणि मॅकमिलन यांनी सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात हेच दाखवलं. चांगल्या शाळेच्या बाजूला काही वर्षांत जास्त शिकलेले, जास्त कमावणारे शेजारी येऊन बसतात. ते हिशोबात धरले की शाळेची किंमत आणखी उतरते. ब्लॅक यांची पद्धत यामुळे मोडीत निघत नाही. फक्त ‘रेषेच्या दोन्ही बाजूंना सगळं सारखं’ हे वाक्य लिहिण्याआधी ते मोजून बघावं लागतं.

आता परत मुलुंडला येऊ. इथली रेषाही निसर्गाने दिलेली नाही. १९५० मध्ये मुंबई महापालिकेची हद्द वाढली ती पश्चिमेला जोगेश्वरीपर्यंत आणि मध्य रेल्वेवर भांडुपपर्यंत. म्हणजे सात वर्षं भांडुप मुंबईच्या आत आणि मुलुंड बाहेर! १९५७ मध्ये हद्द पुन्हा सरकली, दहिसर आणि मुलुंड आत आले. ठाण्याची नगरपालिका १८६३ पासूनची, जुनी. तिची महानगरपालिका १९८२ मध्ये झाली. सीमा भांडुपलाच थांबली असती तर आज रविवारच्या जेवणावर वाद ‘भांडुप की मुलुंड’ असा असता.

तुमच्यापैकी कुणीतरी म्हणेल, मग ब्लॅक यांची पद्धत उचलून इथे लावू. थांबा. आपल्याकडे शाळाप्रवेश सहसा हद्दीवर ठरत नाही. शिक्षणहक्क कायद्याखालच्या २५ टक्के जागांसाठीसुद्धा घरापासूनचं अंतर बघतात, एक किलोमीटर, तीन किलोमीटर असं. मुलुंडचं मूल ठाण्याच्या शाळेत जातं, ठाण्याचं मुलुंडच्या. तेव्हा ही रेषा शाळेची किंमत सांगणार नाही. मग ती नेमकं काय बदलते? पालिकेचं पाणी, मालमत्ता कर, बांधकामाचे नियम, गाडीच्या नंबरातले ०३ की ०४ हे आकडे, दाखले देणारं जिल्हाधिकारी कार्यालय. आणि ‘मुंबईत राहतो’ हे सांगण्याची किंमत, जी सगळ्यात मोजायला अवघड.

जकातीचा काळ मला सगळ्यात आकर्षक वाटतो. मुंबईची जकात १ जुलै २०१७ ला, जीएसटी आल्यावर, बंद झाली. सिमेंट-सळईपासून सगळ्यावर जो कर नाक्यावर लागायचा तो गेला. आधी आणि नंतरच्या किमती ताडून बघायचा मोह होईल. पण नोव्हेंबर २०१६ मध्ये नोटबंदी झालीय, मे २०१७ मध्ये महारेरा आलंय. नुसतं ‘आधी-नंतर’ केलंत तर तिन्हींची खिचडी होईल. इथे ठाणे उपयोगी पडतं. नोटबंदी आणि महारेरा दोन्ही बाजूंना सारखेच लागू झाले, ठाण्यातली जकात मात्र त्याआधीच गेली होती. म्हणून मुलुंडमधला बदल वजा ठाण्यातला बदल असा हिशोब मांडता येतो. दुसरी संधी २०२२ ची. मुंबईच्या हद्दीतल्या ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना मालमत्ता कर माफ केल्याची घोषणा त्या वर्षाच्या सुरुवातीला झाली. इथे रेषा दोन आहेत: एक हद्दीची, एक ५०० फुटांची. ठाण्यात त्या काळात काय लागू होतं ते पालिकेचे ठराव वाचून आधी पक्कं करा, वर्तमानपत्रातल्या मथळ्यावर जाऊ नका.

आकडेवारीबद्दल एक व्यवहाराची गोष्ट. किमती म्हणून रेडी रेकनरचे दर वापरू नका. ते सरकारने मुद्रांक शुल्कासाठी ठरवलेले दर आहेत, लोकांनी मोजलेले पैसे नव्हेत. नोंदणीचा इंडेक्स टू त्यापेक्षा बरा, तरी जुन्या व्यवहारांत रोखीचा भाग त्यात येत नाही. आणि क्षेत्रफळ! कुठे कार्पेट, कुठे बिल्ट-अप, कुठे सुपर बिल्ट-अप. महारेरानंतर नव्या प्रकल्पांत कार्पेट सक्तीचं झालं, जुन्या इमारतींत तसं नाही. एकाच ओळीत हे तिन्ही आकडे मिसळले तर उत्तरात दिसणारा फरक मुलुंड-ठाण्याचा नसून मोजपट्टीचा असेल.

आणि ‘निवड’ हा शब्द जपून वापरा. टीबूच्या जगात कुटुंब गाव निवडतं. खऱ्या जगात गाव आणि सोसायटीही कुटुंब निवडतात. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेचा सभासदत्व आपल्याच समाजापुरतं ठेवण्याचा नियम मान्य केला. २०१५ मध्ये सुखदेव थोरात आणि सहकाऱ्यांनी दिल्लीच्या परिसरातल्या भाड्याच्या घरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात दलित आणि मुस्लिम भाडेकरूंना नकार जास्त मिळाल्याचं दिसलं. नकार मिळालेलं कुटुंब इंडेक्स टूमध्ये दिसत नाही. त्या इमारतीत त्याने घर घेतलेलंच नसतं. तुमच्या नमुन्यात फक्त ज्यांना दार उघडलं गेलं ते येतात, आणि तुम्ही त्यांच्या पसंतीला सगळ्यांची पसंती म्हणता. प्रश्नावली करणार असाल तर ‘हे घर का घेतलं’ याच्याआधी ‘आणखी कुठे विचारलं होतं आणि तिथे काय झालं’ हे विचारा.

कामाला लागणार असाल तर सुरुवात मुलुंड पूर्वेच्या हरी ओम नगरपासून करा. ही वस्ती मुंबई महापालिकेच्या हद्दीत, पण आनंदनगरचा टोलनाका तिच्या अलीकडे, मुलुंडच्या बाजूला. त्यामुळे तिथल्या रहिवाशांना स्वतःच्याच उपनगरात गाडीने यायला टोलनाका ओलांडावा लागायचा. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईच्या पाचही प्रवेशनाक्यांवर हलक्या वाहनांचा टोल माफ झाला. म्हणजे पालिका मुंबईची, नाका ठाण्याकडच्यांसारखा, आणि तोही एका ठराविक तारखेपर्यंत. तिथल्या खरेदीखतांच्या तारखा त्या महिन्याच्या दोन्ही बाजूंनी लावून बघा. बाजूच्या कोपरीची खतंही सोबत घ्या, ती ठाण्याच्या हद्दीत येते.