गाणं उरलं, गाणाऱ्याचं नाव गेलं

घरचा जुना कॉम्प्युटर किंवा जुनी हार्डडिस्क उघडून पाहा. गाण्यांच्या फोल्डरात 'ट्रॅक ०१' आणि 'अननोन आर्टिस्ट' ही नावं बहुतेक सापडतीलच. हा 'अननोन आर्टिस्ट' आला कुठून, ते समजून घेण्यासारखं आहे.

१९९५ मध्ये एमपी३ हे नाव ठरलं. सीडीवर चाळीस एमबी खाणारं चार मिनिटांचं गाणं चार एमबीत मावू लागलं. एका सीडीत दीडशे गाणी! पण त्या फाइलमध्ये नाव लिहायला जागाच नव्हती. म्हणून १९९६ मध्ये फाइलच्या शेवटी १२८ बाइटचं शेपूट जोडलं, आयडी३ टॅग. गाण्याच्या नावाला ३० बाइट, गायकाला ३०. देवनागरीची त्यात सोयच नव्हती. १९९८ ला टॅग सुधारला, युनिकोड आलं, पण नाव भरायची सवय आपल्याला लागली नाही.

१९९७ मध्ये विनअँप आलं, विंडोज मीडिया प्लेअर तर कॉम्प्युटरसोबतच यायचा. साध्या ऑडिओ सीडीवर सहसा गाण्यांची नावं नसतात. प्लेअर ती इंटरनेटवरच्या यादीतून आणायचा. हिंदी सिनेमांची नावं तिथे मिळायची. पण गावात टेप केलेली भीमगीतं, तांड्यावरची होळीची लेंगी, दंडार, भजनी मंडळ? त्यांची यादी कुणी केली होती? मग प्लेअर गाणी गायकानुसार लावायला बसला, की किशोरकुमारला वेगळा कप्पा आणि आपले सगळे गाणारे एकाच पोत्यात. तीच फाइल पुढे मेमरी कार्डात गेली, मोबाइलमध्ये गेली. दर कॉपीसोबत आवाज पोचला, नाव नाही.

यात नुकसान कुणाचं? ज्यांची नावं तशीही कुठल्या कागदावर नव्हती, त्यांचंच. उद्या कुणी यवतमाळच्या लोकसंगीताचा इतिहास लिहायला बसलं, तर त्याला गाणी मिळतील, माणसं मिळणार नाहीत.

उपाय फुकटात आहे. पॅरिसच्या विद्यार्थ्यांच्या प्रकल्पातून आलेलं व्हीएलसी २००१ पासून सर्वांना खुलं आहे. २०२२ मध्ये त्याची वेबसाइट भारतात काही महिने बंद होती, तरी कॉम्प्युटरवर आधी टाकलेलं व्हीएलसी चालतच राहिलं. आपल्या मशीनवर असलेली वस्तू अशी कामी येते. गाणं लावा, कंट्रोल आणि आय दाबा, गाण्याचं नाव, गायक, गाव, साल मराठीत भरा, सेव्ह करा. एक कॉपी पेनड्राइव्हवर वेगळी ठेवा.

आणि हे भरायच्या आधी ते गाणं घरातल्या म्हाताऱ्या माणसांना ऐकवा. पुसद असो, वणी असो, घाटंजी असो, आवाज ऐकून "हा तर अमक्याचा पोरगा" सांगणारे अजून आहेत. ते आहेत तोवरच हे काम होईल. तुमच्याकडे असं काही असेल, तर गायकाचं नाव आणि गाव खाली नक्की लिहा.