चौथा भिडू

कुठल्याही बैठ्या खेळातला सर्वांत अवघड भाग म्हणजे नियम नव्हेत, भिडू जमवणं. पट सापडतो, सोंगट्या सापडतात, कपाटाखाली गेलेला फासासुद्धा केरसुणीच्या टोकाने बाहेर येतो. चौथा भिडू मात्र कशानेच बाहेर येत नाही. तो नुकताच जेवायला बसलेला असतो, नाहीतर त्याच्या मुलाची सहामाही असते, नाहीतर गेल्या खेपेच्या भांडणातून तो अजून सावरलेला नसतो. ज्याने चाक शोधलं त्याचं आपण शाळेपासून कौतुक करतो. पण चौघांचा खेळ दोघांत बसवायची युक्ती ज्याने काढली, त्याचा पुतळा कुठल्याही चौकात नाही. वास्तविक संसारात चाकाइतकीच ती युक्तीही कामाला येते.

बादशहा अकबराला ही अडचण नव्हती. त्याने स्वतः काढलेल्या ‘चंदल मंडल’ नावाच्या खेळाचं वर्णन अबुल फजलने ‘ऐन-इ-अकबरी’त करून ठेवलं आहे. गोलाकार पट, 64 सोंगट्या, 4 फासे आणि खेळाडू 16! सोळावा भिडू ‘आज जरा डोकं दुखतंय’ म्हणून आला नाही, असा उल्लेख मला कुठे आढळला नाही. बादशहापुढे डोकं दुखण्यापेक्षा डोकं असणं अधिक महत्त्वाचं.

तुमच्या-माझ्यासारख्यांचं तसं नाही. आता बुद्धिबळाचंच घ्या. हा दोघांचा खेळ, हे आपण धरूनच चालतो. पण सुमारे 1030 साली अल-बिरूनीने हिंदुस्थानाविषयी लिहिलं, तेव्हा त्याने चौघांनी फासे टाकून खेळायच्या बुद्धिबळाचं वर्णन केलं. चार कोपऱ्यांत चार राजे आणि प्रत्येकाचं आपापलं छोटंसं सैन्य. पुढे बंगालच्या रघुनंदनाच्या ‘तिथितत्त्वा’त याच खेळाचे नियम येतात. पाच पडले तर राजा किंवा प्यादं हलवायचं, चार पडले तर हत्ती, तीनला घोडा आणि दोनला नौका. बंगाली माणूस लढाईलासुद्धा होडीतूनच जाणार, हे ओघानेच आलं.

या खेळाला म्हणतात चतुराजी. समोरासमोरचे दोघे मित्र, बाकीचे दोघे शत्रू. आता मजा पुढेच आहे. आपल्या राजाने मित्राच्या सिंहासनाचं घर बळकावलं, तर दोन्ही सैन्यांचा ताबा आपल्याकडे! म्हणजे शत्रूशी लढता लढता मध्येच मित्राच्या खुर्चीवर बसायचं, आणि मित्राने पटाच्या कडेला चहा पीत आपलीच माणसं दुसऱ्याच्या हुकमाने मरताना बघायची. मित्रपक्ष ही संस्था आपल्याकडे किती जुनी आहे, हे यावरून ध्यानात यावं.

याच नियमावरून काही साहेबांना एक कल्पना सुचली. कॅप्टन हिराम कॉक्सने ती आधी मांडली आणि 1860 साली डंकन फोर्ब्स यांनी तिच्यावर जाडजूड पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं असं, की मूळ खेळ चौघांचाच. पुढे शास्त्राने द्यूत निषिद्ध ठरवल्यावर फासे गेले, मित्रामित्रांची सैन्यं एक झाली, आणि दोन राजे एका तंबूत मावेनात म्हणून एकाचा मुकुट काढून त्याला वजीर केलं. हकिकत इतकी बेतशीर आहे, की ती खरी नसेल असं वाटतच नाही. ती खरी नाही, असं पुढच्या संशोधकांनी दाखवून दिलं. इराणात आणि अरबांकडे गेलेलं बुद्धिबळ दोघांचंच होतं. अल-अदलीसारखे अरब उस्ताद नवव्या शतकातच त्याचे डाव लिहून ठेवत होते, म्हणजे बिरूनीच्या जवळजवळ दोनशे वर्षं आधी. 1913 साली एच. जे. आर. मरे यांनी बुद्धिबळाचा जो मोठा इतिहास लिहिला, त्यात तर दोघांचा खेळ आधीचा आणि चौघांचा नंतरचा, असाच निकाल दिला.

मला हे लगेच पटलं. दोघे जण शांतपणे खेळत बसले असणार आणि शेजारी उभे असलेले दोघे ‘घोडा, घोडा काढा!’ म्हणून ओरडत असणार. शेवटी कंटाळून त्यांनाही पटावर घेतलं असेल, दुसरं काय?

उलट दिशेचं काम, म्हणजे चौघांचं दोघांत आणणं, खरं कठीण. अमेरिकेत 1959 साली अॅलन कॅल्हॅमर यांनी ‘डिप्लोमसी’ नावाचा खेळ विकायला काढला. पहिल्या महायुद्धाआधीची सात राष्ट्रं, सात खेळाडू, फासा नाही. कोपऱ्यात जाऊन कुजबुजायचं, वचनं द्यायची आणि मोडायची, हाच खेळ. आता दोघेच असतील तर कुजबुजणार कुणाशी? त्यावर नियमपुस्तकात तोड निघाली. एकाने इंग्लंड, फ्रान्स, रशिया घ्यायचे, दुसऱ्याने जर्मनी, ऑस्ट्रिया, तुर्कस्तान, आणि इटली कुणाकडे ते नाणं उडवून ठरवायचं! इटली 1915 साली दोस्तांकडे का गेली यावर इतिहासकारांनी ग्रंथ लिहिले; इथे एका नाण्यात काम झालं.

जर्मनीत क्लाउस टॉयबर नावाचे गृहस्थ दातांच्या कवळ्या बनवणारी प्रयोगशाळा चालवत. त्यांचा ‘कटान’ हा खेळ 1995 साली आला. लाकूड, विटा, लोकर, धान्य यांची देवाणघेवाण करत वस्त्या वसवायच्या. खेळाडू तीन किंवा चार. दोघांत तो अडतो, आणि अडण्याचं कारण ऐकण्यासारखं आहे. तिघांत मी तुम्हाला लाकूड देऊन विटा घेतल्या, तर आपल्या दोघांचा फायदा आणि नुकसान तिसऱ्याचं. दोघांत तुमचा फायदा तेच माझं नुकसान. मग लाकूड देतो कोण? व्यापाराला तिसरा माणूस लागतो, तो नुसता बसून राहिला तरी चालेल. म्हणून 1996 साली टॉयबर यांनी दोघांसाठी वेगळा पत्त्यांचाच खेळ काढला. आणि मूळ पटावर दोघांनीच खेळायचं, तर दोन काल्पनिक शेजारी बसवण्याची तरतूद पुढे झाली. 2010 सालच्या ‘सेव्हन वंडर्स’मध्येही दोघे खेळताना एक मालक नसलेलं शहर पटावर येतं, आणि ते दोघांनी आळीपाळीने चालवायचं. थोडक्यात, भिडू नसेल तर भूत बसवा.

दुसरी अडचण याहून नाजूक. दोघांत गुपित राहत नाही. जे माझ्याकडे नाही ते तुमच्याकडे, हिशोब संपला. 2015 साली ‘सेव्हन वंडर्स’ची खास दोघांसाठीची आवृत्ती निघाली, तिने मधल्या रचनेत काही पत्ते उघडे, काही पालथे ठेवून हा प्रश्न सोडवला. जगाने तिचं कौतुक केलं. मी मात्र आमच्या आजीचं केलं. तिघांचा ‘पाच-तीन-दोन’ दोघांत आणला की त्याचा ‘सात-आठ’ होतो, हे मराठी घरांत कुणाला सांगावं लागत नाही. तेच तीस पत्ते, पंधरा-पंधरा. सगळे हातात घेतले तर समोरच्याचा हात आरशासारखा दिसेल. म्हणून पाच हातात, पाच पालथे, आणि त्यांच्यावर पाच उघडे. आजीला डिझायनर हा शब्द ठाऊक नव्हता, पण पालथा पत्ता तिला ठाऊक होता. माणसं दोन आणि गुपित एकही नाही, अशा घरात दुपार सरत नाही, असं ती म्हणे.

हा सगळा इतिहास मी उगाच जमवला नाही. आमच्या घरातली चारांतली दोन माणसं एकापाठोपाठ एक परदेशी गेली आणि लुडोच्या पटावर आम्ही नवराबायको उरलो. चौघांच्या पटावर दोघांनी खेळायचं, तर प्रत्येकाने दोन रंग घ्यायचे, ही जुनी तोड. मी निळा आणि हिरवा खेळतो, ही लाल आणि पिवळा. हिरवा मुलीचा होता, पिवळा मुलाचा. खेळ अगदी नियमाने चालतो. फक्त एक गोष्ट माझ्या उशिरा लक्षात आली. माझी निळी सोंगटी दिसली की ही तिला ठाण म्हणून मारते. हिरवी मात्र पुढ्यात असली तरी मारत नाही. दुसरीच सोंगटी हलवते आणि म्हणते, ‘अहो, दिसलीच नाही मला.’

कटानचे काल्पनिक शेजारी, मालक नसलेलं शहर यांची मी वर थट्टा केली खरी. पण ती बसवणाऱ्या माणसांना घरं ठाऊक असली पाहिजेत. दोघांचा खेळ दोघांतच कधी चालत नाही. मी आता हिरवी सोंगटी बिनधास्त पुढे काढतो. मुलगी त्यामुळे वरचेवर जिंकते, आणि रविवारी फोनवर तिला तसं कळवलं जातं.