बिनजोड पट्ट्याची कुळकथा

बर्फावर चालणाऱ्या स्नोमोबाइलचा पट्टा बदलायला बसलेला नवखा माणूस आधी त्याचा जोड शोधतो. सायकलच्या चेनला एक सुटी होणारी कडी असते. पोकलेनच्या साखळीत एक पिन अशी असते, की ती ठोकून काढली की सगळी साखळी जमिनीवर उलगडते. इथे तसलं काही सापडत नाही. सव्वातीन यार्डांहून थोडा जास्त घेर आणि हातभर रुंदी असलेलं हे रबराचं कडं सलग ओतलेलं असतं. त्यामुळे काम उलटं होऊन बसतं. पट्टा काढायचा म्हणजे पट्ट्याच्या पोटात जे जे आहे ते सगळं आधी बाहेर काढायचं.

क्यूबेक, मिनेसोटा, विस्कॉन्सिन, मेन या भागांत हे काम पुष्कळ जण घरच्या गॅरेजमध्येच करतात, शक्यतो पहिला बर्फ पडायच्या आत. गाडीचं मागचं टोक जॅकवर किंवा छताच्या तुळईला लावलेल्या चेनपुलीने उचलून धरायचं. मागच्या धुरीचे नट ढिले करून पट्ट्याचा ताण उतरवायचा. पट्ट्याच्या आत बसवलेली सस्पेन्शनची चौकट दोन्ही बाजूंच्या बोल्टांवर धरलेली असते. ते काढले की ती खाली येते, बहुतेक वेळा कुणाच्या तरी बोटांवर. एवढ्यावर भागत नाही, कारण पट्टा पुढच्या बाजूला अजून आडव्या शाफ्टवर अडकलेला असतो. त्या शाफ्टला हात घालायचा तर चेनकेस उघडावी लागते, तिच्यातलं तेल सांडावं लागतं, चेन आणि स्प्रॉकेट उतरवावे लागतात, पलीकडच्या टोकाचं बेअरिंग मोकळं करावं लागतं. मग कुठे शाफ्ट तिरका होऊन निघतो आणि जुना पट्टा हाताशी येतो. झिजलेल्या रबरासाठी गिअरच्या तेलात हात बुडवायचे, हा प्रकार पहिल्यांदा करणाऱ्याला अन्यायाचा वाटतो. पण त्याचं कारण या पट्ट्याच्या कुळात आहे, आणि ते कुळ रबरापासून सुरू होत नाही.

मूळ पुरुष म्हणायचा तर अल्विन लोम्बार्ड. मेन राज्यातल्या वॉटरव्हिल गावचा हा कारागीर. तिथल्या जंगलांत हिवाळ्यात झाडं तोडायची आणि ओंडके घसरगाड्यांवर लादून घोड्यांनी ओढायचे, असा रिवाज होता. मे १९०१मध्ये लोम्बार्डने वाफेवर चालणाऱ्या ओंडके-ओढ्या इंजिनाचं पेटंट घेतलं. मागे पोलादी साखळ्यांचे पट्टे, पुढे बर्फावर घसरणाऱ्या पट्ट्या. सुकाणू धरणारा माणूस सगळ्यात पुढे उघड्यावर बसायचा, मागे बॉयलर आणि त्याच्याही मागे ओंडक्यांनी भरलेल्या गाड्यांची माळ. उतारावर त्याची काय अवस्था होत असेल, याचा विचार न केलेला बरा. बेंजामिन होल्टने कॅलिफोर्नियात पट्ट्यांचा ट्रॅक्टर चालवून पाहिला तो १९०४च्या नोव्हेंबरात, म्हणजे लोम्बार्डच्या मागाहून. जगाच्या लक्षात राहिली ती होल्टची ‘कॅटरपिलर’. पण पुढे स्की आणि मागे पट्टा ही आजच्या स्नोमोबाइलची अंगकाठी लोम्बार्डच्या त्या टनावारी वजनाच्या धुडातच तयार झाली होती.

ते धूड चालायचं, कारण त्याच्यासाठी पाणी मारून बर्फाचा टणक रस्ता केलेला असायचा. भुसभुशीत ताज्या बर्फाची गोष्ट निराळी. चाक तिथे खड्डा खणतं आणि स्वतःच त्यात बसतं. पोलादी साखळी वजन पसरवते, पण मुळात तीच इतकी जड की कमावलेलं गमावते. शिवाय कड्यांच्या सांध्यांत बर्फ दाबला जातो, गोठतो आणि दात्यांत न बसणारी साखळी स्प्रॉकेटवर उड्या मारू लागते. पुढच्या तीस-चाळीस वर्षांची सगळी धडपड या दोन गोष्टींशी आहे: वजन आणि दातांत अडकलेला बर्फ.

न्यू हॅम्पशायरमधल्या ऑसिपी गावचा फोर्ड गाड्यांचा विक्रेता व्हर्जिल व्हाइट याने हलकेपणाची बाजू धरली. मॉडेल टी गाडीची पुढची चाकं काढून स्की लावायच्या, मागे चाकांची आणखी एक जोडी वाढवायची आणि दोन्ही चाकांवरून पोलादी पट्टा फिरवायचा, असा जोडसंच त्याने विकायला काढला. ‘स्नोमोबाइल’ हे नाव त्याचंच, रीतसर नोंदवलेलं. १९२०च्या दशकात खेड्यापाड्यांतले डॉक्टर आणि टपालवाले त्याचे मुख्य गिऱ्हाईक होते. बर्फाळ मुलखात या वाहनाची पहिली गरज कुणाला होती, हे यावरून कळतं. मौजमजा फार पुढची.

रबर या घराण्यात आलं ते चुलत शाखेकडून, तेही थेट झारच्या तबेल्यातून. आदोल्फ केग्रेस हा फ्रेंच अभियंता रशियात दुसऱ्या निकोलसच्या मोटारी सांभाळायचा. बादशहाची गाडी बर्फात रुतता कामा नये, म्हणून त्याने मागच्या चाकांच्या जागी लवचीक पट्टा बसवला. लोखंडी कड्यांऐवजी सलग वाकणारा पट्टा, ही त्याची खरी देणगी. क्रांतीनंतर झार गेला, केग्रेस फ्रान्सला परतला, पण पट्टा रशियात राहिला. असे पट्टे लावलेली लेनिनची रोल्स-रॉइस मॉस्कोजवळच्या गोर्कीत आजही पाहायला मिळते. झार आणि लेनिन यांचं एकमत झालेल्या मोजक्या गोष्टींत हिची गणना करायला हरकत नाही. फ्रान्समध्ये आंद्रे सित्रोएनने केग्रेसला हाताशी धरलं. १९२२च्या डिसेंबरात त्यांच्या गाड्या तुगुर्तहून निघाल्या आणि सहारा ओलांडून जानेवारीत टिंबक्टूला पोचल्या. १९३१च्या आशिया मोहिमेत तर दोन गाड्या श्रीनगरहून हिमालयातल्या खेचरांच्या वाटेने गिलगिटपर्यंत गेल्या. काही ठिकाणी वाटच उरली नव्हती. तिथे गाड्या खोलून सुटे भाग हमालांच्या पाठीवरून नेले. आज गुलमर्गला मराठी पर्यटक बर्फावरच्या ज्या गाडीवर फेरी मारून येतात, तिच्या पट्ट्याचा चुलत आजा काश्मीरमधून असा गेलेला आहे.

आता थेट वंश. क्यूबेकमधल्या वालकूर गावी १९०७मध्ये जोझेफ-आर्मां बोम्बार्दिए जन्मला. १९२२च्या ३१ डिसेंबरला, म्हणजे पंधराव्या वर्षी, त्याने आणि त्याच्या भावाने वडिलांनी दिलेलं जुनं फोर्डचं इंजिन एका घसरगाडीवर चढवलं, मागे विमानासारखा पंखा लावला आणि ते गुरगुरणारं यंत्र गावातून हाकलं. वडिलांनी पाहिलं आणि ते मोडायला लावलं. उघड्या फिरत्या पंख्याकडे पाहता वडिलांचं काही चुकलं असं वाटत नाही. एकोणिसाव्या वर्षी त्याने गावात स्वतःचं गॅरेज काढलं. उन्हाळ्यात मोटारी दुरुस्त करायच्या आणि हिवाळ्यात रस्ते बंद झाले की बर्फावरच्या गाड्यांचे प्रयोग करायचे, असा त्याचा वार्षिक क्रम होता.

१९३४च्या हिवाळ्यात त्याचा दोन वर्षांचा मुलगा इव्हों आंत्रपुच्छाच्या विकाराने गेला. शेरब्रुकचं हॉस्पिटल पन्नासेक किलोमीटरवर होतं आणि मधला रस्ता बर्फाखाली. ही गोष्ट सांगताना पुष्कळदा असा सूर लागतो की या दुःखातूनच शोध लागला. मला ते पटत नाही. तो माणूस तोवर बारा वर्षं याच कामाच्या मागे होता. मुलाच्या जाण्याने कामाला घाई आली असेल, दिशा मात्र आधीचीच होती.

उत्तर सापडलं ते स्प्रॉकेटमध्ये. बोम्बार्दिएने दातेरी चाकावर रबर चढवलं आणि पट्टा केला तो दोन रबरी पट्ट्यांना पोलादी आडवे दांडे जोडून. रबर वाकतं, दबतं, पुन्हा उसळतं. त्यामुळे बर्फ त्याला घट्ट चिकटून गोठू शकत नाही, झडून पडतो. १९३७च्या जूनमध्ये त्याला या जोडीचं कॅनडाचं पेटंट मिळालं. त्यावर बी-७ ही सात जणांची गाडी उभी राहिली, मग १९४२च्या सुमारास बी-१२, बाराजणांची, गोलसर खिडक्यांची. डॉक्टर, पाद्री, टपाल, शाळेची मुलं, सगळी त्यातून जाऊ लागली. हा पट्टा मात्र अजून जोडांचा होता. दांडा वाकला तर तेवढा बदलायचा, रिव्हेट नवे मारायचे. गावच्या लोहारालाही जमेल असं काम.

मग सरकारने धंद्याच्या पायाखालचा बर्फच काढून घेतला. १९४८पासून क्यूबेकमध्ये खेड्यांचे रस्ते हिवाळ्यात साफ ठेवायचे ठरलं आणि मोठ्या बर्फगाड्यांची मागणी कोसळली. बोम्बार्दिए दलदलीकडे वळला, १९५३मध्ये ‘मस्केग’ हा दलदलीत चालणारा पट्ट्यांचा ट्रॅक्टर काढला. डोक्यात मात्र एक-दोन माणसांची हलकी गाडी होतीच.

तशी गाडी इतरांनीही केली होती. विस्कॉन्सिनमधल्या सेनर गावचा दुकानदार कार्ल एलिअसन याचा एक पाय अधू होता. बर्फातून शिकारीला जाणाऱ्या मित्रांच्या बरोबरीने त्याला चालवत नसे. १९२४मध्ये त्याने दुकानामागच्या शेडमध्ये टोबोगन या लाकडी घसरगाडीवर बोटीचं अडीच अश्वशक्तीचं इंजिन बसवलं, खाली आडवे दांडे लावलेली साखळी फिरवली. मिनेसोटातल्या रोझो गावी १९५६च्या जानेवारीत शेतीची अवजारं बनवणाऱ्या छोट्या कारखान्यात डेव्हिड जॉन्सन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी आपली गाडी जुळवली. स्की केल्या शेव्हरोलेच्या जुन्या बंपरच्या, आणि पट्ट्यासाठी धान्य वर चढवणाऱ्या कन्व्हेयरची साखळी कापून घेतली. पगार भागवायला पैसे हवे होते म्हणून ती ४६५ डॉलरला लगेच विकूनही टाकली. हाच कारखाना म्हणजे ‘पोलारिस’. सगळेच गॅरेजवाले, सगळ्यांनी हाताशी आलं ते लावलं, आणि सगळ्यांचा पट्टा म्हणजे अजूनही कड्यांची साखळीच.

ही साखळी वालकूरमध्ये तुटली. बोम्बार्दिएचा थोरला मुलगा जेर्मां याने १९५०च्या दशकाच्या उत्तरार्धात रुंद, सलग, एका तुकड्यात ओतलेला रबरी पट्टा तयार केला. आडवे पोलादी दांडे रबराच्या अंगातच पुरलेले. रिव्हेट नाहीत, सांधे नाहीत, बर्फ शिरायला फटच नाही आणि वजनही थोडं. हलकी इंजिनं नुकतीच बाजारात आली होती, त्यांची आणि या पट्ट्याची वेळ जुळली. १९५९मध्ये ‘स्की-डू’ निघाली. ऑन्टॅरिओतल्या लॅन्सडाउन हाउसला बोम्बार्दिएने ती स्वतः एका मिशनरी मित्राकडे नेऊन चालवून दाखवली. पहिल्या हंगामात गाड्या खपल्या २२५. १९६४मध्ये तो गेला, आणि १९७१मध्ये उत्तर अमेरिकेत सगळ्या कंपन्यांच्या मिळून सुमारे पाच लाख गाड्या खपल्या.

गॅरेजमध्ये तेलात माखलेले हात हे त्या सलग पट्ट्याचं भाडं. जोड ठेवला असता तर पट्टा अर्ध्या तासात निघाला असता, आणि पहिल्याच खोल बर्फात तिथूनच तुटला असता. माझ्या मते सौदा फायद्याचा आहे, जरी चौकट उतरवताना तसं कुणी म्हणत नसलं तरी.

पोलादी दांड्यांची जागा आता फायबरग्लासने घेतली आहे, बाकी रचना तीच. त्यामुळे नवा पट्टा मागवताना तीन मापं घेतात: लांबी, रुंदी आणि पिच, म्हणजे दोन दांड्यांमधलं अंतर. तिसरंच सगळ्यात महत्त्वाचं. १२१ इंची पट्ट्याचं पिच २.५२ इंच असेल तर त्यात ४८ घरं बसतात, आणि शाफ्टवरची दातेरी चाकं त्याच पिचची हवीत. २.८६च्या पट्ट्याला २.५२ची चाकं लावली तर दाते आणि घरं काही फेऱ्यांतच एकमेकांना खातात. रबरावरच्या कंगोऱ्यांची उंचीही पाहावी लागते. खोल बर्फासाठी कुणी दोन-अडीच इंची कंगोरे निवडतो, आणि मग कळतं की पट्ट्यावर झाकण घालणाऱ्या टनेलला चिकटवलेल्या रेडिएटरला ते घासणार आहेत.

चढवण्याचा क्रम उतरवण्याच्या उलट. पट्ट्यावर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर तो आधी पाहतात, कारण पट्टा उलटा बसला हे सगळे बोल्ट आवळून झाल्यावरच ध्यानात येतं. शाफ्ट उघडलाच आहे तर बेअरिंगं नवीच घालतात, तेवढ्यासाठी पुन्हा कोण उघडणार. सस्पेन्शनची चौकट पट्ट्याच्या पोटात घालताना ती दोरीने आवळून लहान करतात, गाडी कुशीवर आडवी करतात आणि बोल्टांची भोकं जुळेपर्यंत एकाने ढकलायचं, दुसऱ्याने बोल्ट धरायचा. मग खालच्या बाजूला मधोमध ठरावीक वजन टांगून झोळ मोजायचा, मागच्या स्क्रूंनी ताण द्यायचा, आणि मागचं टोक अधांतरी ठेवून इंजिन हळू फिरवत पट्टा चौकटीखालच्या दोन्ही पट्ट्यांच्या मधोमध धावतो का ते बघायचं. या वेळी मागे कुणी उभं राहायचं नाही, कारण पट्ट्यातून सुटलेली वस्तू सरळ मागेच येते. हे फिरवणंही थोडक्यात आटपायचं. पट्टा ज्या प्लॅस्टिकच्या पट्ट्यांवर घसरतो त्यांना थंडावा आणि ओल बर्फाकडूनच मिळते, कोरड्या फरशीवर त्या वितळू लागतात. पहिल्या फेरीहून आल्यावर ताण पुन्हा एकदा मोजतात. नवं रबर सुरुवातीला थोडं सैलावतं.