अंगण, कुरण आणि मोठी बहीण

स्मरणिकेसाठी लेख पाठवा, असा संपादक मंडळाचा निरोप आला तेव्हा शाळेच्या आठवणी लिहिणारे भरपूर असतील याची खात्री होती. स्नेहसंमेलनातल्या फजित्या, पावसाळ्यात गळणारा सातवीचा वर्ग, मधल्या सुट्टीतले चिकू, हे सगळे इतर पानांवर येईलच. म्हणून मी थोडा इतिहास लिहिते आहे. तो आपल्याच तालुक्यातला आहे आणि कोसबाडच्या ज्या टेकडीवर आपली सहल गेली होती तिथला आहे.

निमित्त मात्र आजचे आहे. आपल्या बॅचच्या कृतज्ञता निधीचे काय करायचे यावर गेले दोन महिने ग्रुपवर चर्चा चालू आहे. एक मत असे की शाळेत डिजिटल वर्ग करून द्यावा. दुसरे असे की आजूबाजूच्या पाड्यांवरच्या मुलांसाठी काही करावे. मी सॉफ्टवेअरमध्ये आहे म्हणून माझे मत पहिल्या बाजूला, असे बऱ्याच जणांनी परस्पर धरून टाकले. तसे ते नाही. का नाही, हे सांगण्यासाठी ऐंशी वर्षे मागे जावे लागेल.

1945 साली तेव्हाच्या ठाणे जिल्ह्याच्या या टोकाला दोन गोष्टी घडल्या. 23 मे रोजी झरी गावात वारल्यांची मोठी परिषद भरली. शामराव आणि गोदावरी परुळेकर किसान सभेच्या वतीने तिथे होते. यापुढे वेठबिगार करायची नाही, असा ठराव त्या परिषदेत झाला आणि त्यातून वारल्यांचा उठाव उभा राहिला. वेठीच्या बरोबरीने तेव्हा 'लग्नगडी' ही पद्धत होती. तरुणाने लग्नासाठी जमीनदाराकडून कर्ज काढायचे आणि ते फिटेपर्यंत नवराबायकोने त्याच्याकडे राबायचे. कर्ज सहसा फिटत नसे. अशा घरातले मूल चालायला लागले की त्याच्याही वाट्याला काम येई. आधी धाकट्याला सांभाळणे, मग गुरे, मग शेत, आणि पुढे त्याचे स्वतःचे लग्न. गरिबी पिढ्यान्‌पिढ्या कशी चालते हे समजायला एवढे पुरे आहे.

दुसरी गोष्ट फार गाजली नाही. त्याच वर्षी ताराबाई मोडक बोर्डीला आल्या आणि त्यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. त्या तेव्हा 53 वर्षांच्या होत्या. राजकोटच्या स्त्रियांच्या अध्यापन महाविद्यालयाच्या प्राचार्य, मग भावनगरला गिजुभाई बधेकांच्या सहकारी, 1926 साली नूतन बाल शिक्षण संघाच्या संस्थापकांपैकी एक, त्यानंतर दादरला शिशुविहार. एवढे झाल्यावर माणूस निवृत्तीचा विचार करतो. ताराबाईंनी खेडे गाठले.

त्यांनी बरोबर आणली होती माँटेसरीची पद्धत. इथे थोडे विषयांतर करते. माँटेसरी म्हटले की आपल्याला भरमसाट फी आठवते. (माझ्या मुलीच्या वेळी पुण्यात भरलेली फी मी इथे लिहीत नाही, आपले सर-बाई वाचणार आहेत.) पण मारिया माँटेसरीने आपले पहिले बालगृह 1907 साली उघडले ते रोममधल्या सान लोरेंझो या गरीब कामगारवस्तीत. आईबाप कामावर गेले की मागे राहिलेली मुले जिन्यांवर धुडगूस घालत, भिंती खराब करत. इमारतींच्या मालकांना त्यांच्यावर लक्ष ठेवणारे कोणीतरी हवे होते, म्हणून त्याच इमारतीतली एक खोली मिळाली. म्हणजे ज्या पद्धतीला आपण श्रीमंतांची समजतो, ती जन्माला आली चाळीत, मुलांच्या राहत्या घरापासून दोन जिने अंतरावर. पुढे ती जगभर गेली तेव्हा लाकडी साहित्याच्या सुबक पेट्या बरोबर गेल्या आणि चाळ मागे राहिली.

बोर्डीत ताराबाईंना नेमकी ही अडचण आली. साहित्य महाग, ते खेड्याला परवडणारे नव्हते. त्यावर उपाय सोपा होता. मोजायला चिंचोके आणि शिंपले, आकारांसाठी पाने आणि काटक्या, रंगांसाठी फुले आणि बिया. दुसरी अडचण जास्त अवघड होती. बालवाडी उघडली तरी ज्यांच्यासाठी ती खरी हवी होती, त्या गरीब वस्त्यांवरची मुले येत नव्हती. घर लांब, आई कामावर, अंगावर धड कपडे नाहीत. वरच्या आळीतल्या मुलांशेजारी बसायचा संकोच वेगळाच.

मग बालवाडीच वस्तीवर गेली. शिक्षिका सकाळी पाड्यावर जाऊन एखाद्या अंगणात मुले गोळा करत. आधी हातपाय धुणे, आंघोळ, नखे कापणे, केस विंचरणे. मग गाणी, गोष्टी, बियांचे खेळ. मुलांची आजी ओसरीवर बसून हे सगळे बघत असे आणि तिचेही शिक्षण होत असे. या प्रकाराला नाव मिळाले अंगणवाडी. आज देशभर सुमारे 14 लाख ठिकाणी वापरला जाणारा हा शब्द आपल्या शेजारच्या गावातून निघाला, हे आपल्या वर्गातल्या किती जणांना ठाऊक आहे?

दहा-बारा वर्षांनी काम बोर्डीहून कोसबाडच्या टेकडीवर गेले, वारल्यांच्या पाड्यांच्या मधोमध. तिथे सहा वर्षांच्या पुढच्या मुलांचा प्रश्न आला. ती दिवसभर गुरांमागे असत. म्हणून शिक्षक गुरांमागे गेले. कुरणात गुरे चरत असताना झाडाखाली वर्ग भरे. हीच कुरणशाळा.

कुरणशाळेचे कौतुक सगळे करतात. मला त्याहून मोठी वाटते ती तिसरी गोष्ट. शाळेत न येणाऱ्यांत मुली जास्त होत्या, आणि त्यातही सात-आठ वर्षांच्या मोठ्या बहिणी. त्यांच्या कडेवर धाकटे भावंड असे. आई मजुरीला गेली की तीच त्याची आई. तिला शाळेत घ्यायचे तर कडेवरच्या बाळाचे काय करायचे याचे उत्तर आधी हवे. कोसबाडच्या विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र होती. बहिणीने भावंडाला घेऊन यायचे, त्याला पाळणाघरात किंवा बालवाडीत सोडायचे आणि आपण वर्गात जायचे.

आमच्या कामात एखादी यंत्रणा हळू चालत असेल तर नवशिके लगेच मोठा सर्व्हर मागतात. अनुभवी माणूस आधी अडते कुठे ते शोधतो. ताराबाई आणि अनुताईंनी ते शोधले. अडत होते ते मुलांच्या दिवसातल्या तासांत. ते तास गुरांनी आणि बाळांनी आधीच घेतलेले होते. शाळेची इमारत कितीही चांगली बांधली असती तरी ते मोकळे झाले नसते.

यावर एक आक्षेप घेता येतो आणि तो मला पटतो. कुरणशाळा म्हणजे मुलाने गुरे राखायचीच हे मान्य करणे झाले. ती तडजोड होती. परुळेकरांची लढाई वेठ आणि मजुरीची होती. मूल मुळात कोणाच्या गुरांमागे का जाते, हा प्रश्न त्या लढाईने विचारला. टेकडीवरच्या बायकांनी विचारले की आज, गुरे चरत असताना, या मुलाला काय शिकवता येईल. माझ्या मते दोन्ही प्रश्न लागतात. वेठ गेली नसती तर कुरणशाळेतला मुलगा वाचता येणारा लग्नगडी झाला असता. पण नुसती वेठ जाऊनही कोणी वाचायला शिकत नाही.

अनुताई वाघ यांच्याविषयी थोडे सांगायलाच हवे. जन्म 1910, पुणे जिल्ह्यातल्या मोरगावचा. तेराव्या वर्षी लग्न आणि सहा महिन्यांच्या आत वैधव्य. त्या काळी अशा मुलीचे पुढे काय व्हायचे ते ठरलेले असे. त्या शिकल्या, नाशिककडच्या खेड्यात आणि मग पुण्याच्या हुजूरपागेत शिक्षिका झाल्या, नोकरी करत रात्रशाळेतून मॅट्रिक झाल्या. 1945 साली बोरिवलीच्या एका शिबिरात ताराबाईंची भेट झाली आणि त्या बोर्डीला आल्या. बी. ए. झाल्या तेव्हा वय 51. पाड्यावरच्या मुलीच्या दिवसाचे गणित त्यांना कळले यात मला नवल वाटत नाही. ताराबाई 1973 साली गेल्या, त्यानंतरही अनुताईंनी टेकडी सोडली नाही. सप्टेंबर 1992 मध्ये त्या गेल्या तेव्हा आपण सातवीत होतो.

2 ऑक्टोबर 1975 रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास योजना 33 प्रकल्पांत सुरू केली आणि तिच्या केंद्रांचे नाव ठेवले अंगणवाडी. पोषण, लसीकरण, शाळापूर्व शिक्षण हे सगळे एका छताखाली. या योजनेने कुपोषणाच्या बाबतीत केलेले काम मोठे आहे. मात्र सरकारी अंगणवाडीत खिचडी, वजनकाटा आणि रजिस्टरे यांनी इतकी जागा घेतली की चिंचोके कोपऱ्यात गेले. सेविकेला शिक्षिका म्हटले नाही, तिच्या पैशाला पगार म्हटले नाही, मानधन म्हटले. ग्रॅच्युइटीवर तिचा हक्क आहे हे सांगायला 2022 साल आणि सर्वोच्च न्यायालय लागले.

आता पुरावा. कोसबाडला कोणी तुलनेचा गट ठेवला नव्हता, त्यामुळे तिथले आकडे मला देता येत नाहीत. पण अमेरिकेत, मिशिगन राज्यातल्या इप्सिलांटी गावी 1962 साली गरीब कृष्णवर्णीय मुलांसाठी असाच एक प्रयोग सुरू झाला, त्याचे आकडे आहेत. पेरी बालवाडी. एकूण 123 मुले, त्यांतली 58 बालवाडीत, बाकीची तुलनेसाठी. शिक्षिका आठवड्यातून एकदा दीड तास प्रत्येकाच्या घरी जात. बुद्ध्यंकातला फरक काही वर्षांत पुसला गेला आणि प्रयोग फसला असे वाटले. पण चाळिशीपर्यंत पाठपुरावा केल्यावर दिसले की बालवाडीत गेलेल्यांपैकी जास्त जणांनी शाळा पूर्ण केली, त्यांची कमाई जास्त होती आणि अटक होण्याचे प्रमाण कमी होते.

मुंबईचे उदाहरण जास्त जवळचे आहे. नव्वदच्या दशकात 'प्रथम' संस्थेने झोपडपट्ट्यांत बालवाड्या सुरू केल्या, मिळेल त्या खोलीत, देवळात. पुढे त्यांनी मुंबई आणि बडोद्याच्या पालिका शाळांत बालसखी नेमल्या. याच वस्त्यांतल्या तरुण मुली मागे पडलेल्या मुलांना रोज दोन तास वेगळे बसवून वाचन आणि गणित शिकवत. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याची काटेकोर तपासणी केली. बालसखीचा फायदा सर्वांत मागच्या मुलांना सर्वांत जास्त झाला. बडोद्यात संगणकावर गणिताचे खेळ देण्याचा प्रयोगही झाला. त्यानेही गणित चांगलेच सुधारले, पण तेवढ्याच सुधारणेसाठी बालसखी कितीतरी स्वस्त पडली. दोन्ही कार्यक्रम थांबल्यावर वर्षभरात फायद्याचा बराचसा भाग ओसरला, हेही त्याच अभ्यासात आहे. म्हणून एकदाच देणगी देऊन फोटो काढण्यात मला रस नाही.

आपल्या वर्गाचा पाचवीचा फोटो ग्रुपवर कोणीतरी टाकला होता. त्यातल्या पाड्यांवरून येणाऱ्या मुली एकेक करून मोजा आणि मग दहावीचा फोटो बघा. कोणी दिवाळीनंतर आईबापांबरोबर वीटभट्टीवर गेली आणि परत वर्गात आली नाही. कोणी घरी बाळ आले म्हणून थांबली. त्यांच्यात आपल्यापेक्षा हुशार मुली होत्या, हे त्या वर्गात बसलेल्या कोणालाही सांगावे लागणार नाही. भट्टीवरच्या मुलांसाठी विधायक संसदेने पुढे तिथेच भोंगाशाळा काढल्या. शाळा मुलांमागे गेली, तोच कोसबाडचा मार्ग.

तेव्हा माझा प्रस्ताव असा. शाळेच्या आसपासचे दोन पाडे निवडावेत, जास्त नकोत. प्रत्येक पाड्यावर तिथलीच बारावी झालेली एक मुलगी नेमावी आणि तिला दरमहा पगार द्यावा. संध्याकाळचे दोन तास, एखाद्याच्या अंगणात किंवा समाजमंदिरात. धाकट्या भावंडांना बरोबर आणायची पूर्ण मुभा, आणि त्यांना सांभाळायला पाड्यावरचीच दुसरी बाई, तिलाही पैसे. निदान पाच वर्षे. निधीची आजची रक्कम पाहता दोन पाड्यांचे तीन वर्षांचे पगार त्यात बसतात. उरलेल्या दोन वर्षांसाठी दरमहा थोडी रक्कम देणारे वीस जण लागतील. मी पहिली. भट्टीच्या हंगामात काय करायचे याचे उत्तर अजून सापडलेले नाही. त्यासाठी आपल्यातले जे अजून गावात राहतात आणि जे सध्या जिल्हा परिषद शाळांत शिकवतात, त्यांनी मेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता जुन्या प्रयोगशाळेत थांबावे. निवृत्त सर-बाईंपैकी कोणाला यायला जमले तर त्यांच्यासाठी खुर्च्या ठेवल्या आहेत.